एम्बेडेड कामासाठी व्हर्च्युअल मशीन: रिकाम्या डिस्कपासून बोर्डावरच्या पहिल्या ब्रेकपॉइंटपर्यंत

मायक्रोकंट्रोलरवर नव्याने काम सुरू करणाऱ्याचे पहिले काही दिवस कोड लिहिण्यात फारसे जात नाहीत. कंपाइलरची ठरावीकच आवृत्ती लागते, डीबगरचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच प्रणालीवर नीट चालतं, पायथनची एखादी लायब्ररी आधीच्या कामातल्या लायब्ररीशी भांडते. हे सगळं रोजच्या वापरातल्या संगणकावर ओतलं की काय कशासाठी टाकलं होतं, ते महिन्याभरात कुणालाच सांगता येत नाही. व्हर्च्युअल मशीन घेतली तर हा पसारा एका वेगळ्या, बंदिस्त संगणकात राहतो. तुमचा खरा संगणक म्हणजे होस्ट, त्याच्या पोटात चालणारा तो गेस्ट.

माझ्या मते यापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. एम्बेडेड उत्पादनं दहा-दहा वर्षं वापरात राहतात. आठ वर्षांनी फर्मवेअरमधली (चिपवर चालणाऱ्या प्रोग्राममधली) एक ओळ बदलायची वेळ आली आणि कंपाइलर नवा असेल, तर तयार होणारा बायनरी कोडही बदलतो. त्याचा आकार वेगळा, कामाला लागणारा वेळ वेगळा. एका ओळीसाठी अख्ख्या उत्पादनाची चाचणी पुन्हा करावी लागते. तेव्हाचं वातावरण जसंच्या तसं हाताशी असेल तर हे टळतं.

पण मशीनमध्ये हाताने केलेल्या आणि कुठेच न नोंदलेल्या बदलांचा ढीग साचला, तर तीही लवकरच कुणाला न कळणारी वस्तू होते. म्हणून एक नियम सुरुवातीलाच ठरवून घ्या: ही मशीन कधीही पुसून पुन्हा उभी करता आली पाहिजे. जपायचा तो कोड आणि उभारणीची नोंद. पुढचे बरेच निर्णय याच नियमावरून सुटतात.

(कमांड, पॅकेज आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलात ती रोमन लिपीत टाकायची.)

१. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं

नवख्याने व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि त्यात यूएसबी उपकरण गेस्टकडे देण्याची सोय चांगली आहे. आपल्या कामात हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी मोफत झालं आहे. तेही उत्तम चालतं. होस्ट लिनक्स असेल आणि टर्मिनलची सवय असेल तर केव्हीएम सगळ्यात चपळ. ते २००७ पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे.

विंडोजमधलं हायपर-व्ही इथे टाळा. साध्या यूएसबी प्रोग्रामरला थेट गेस्टच्या हाती देण्याची सोय त्यात नाही. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्तीही आतून व्हर्च्युअल मशीनच आहे. तिला यूएसबी जोडायला यूएसबीआयपीडी हे वेगळं साधन लागतं. नुसतं कंपाइल करायचं असेल तर ती झकास, पण दिवसभर बोर्ड जोड-काढ करायचं असेल तर पूर्ण मशीन बरी.

ॲपल सिलिकॉनचा मॅक असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. त्यावर इंटेल प्रोसेसरसाठीचं लिनक्स चालवायचं तर प्रत्येक सूचनेचं रूपांतर करावं लागतं, आणि ते फार संथ असतं. तिथे आर्म ६४-बिट उबुंटू घ्या. आर्मचा ग्नू टूलचेन (कंपाइलर, लिंकर अशा साधनांचा संच) त्यासाठीही मिळतो. मात्र चिप बनवणाऱ्या कंपन्यांची बरीच साधनं फक्त इंटेल-एएमडीसाठी असतात, ती आधी तपासा.

२. बायोसमधला एक खटका

व्हर्च्युअल मशीन वेगाने चालायला प्रोसेसरची मदत लागते. इंटेलवर तिचं नाव व्हीटी-एक्स. एएमडीवर तिला एएमडी-व्ही म्हणतात, बायोसमध्ये ती बहुधा एसव्हीएम या नावाने दिसते. ती चालू आहे ना, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर दिसतं. बंद असेल तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये चालू करा.

विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा की हायपर-व्हीने प्रोसेसरची ही सोय आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत चालतं आहे. काम होतं, पण हळू. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमधलं मेमरी इंटिग्रिटी हे त्याचं एक नेहमीचं कारण. ते बंद केल्याने सुरक्षा थोडी सैल होते, त्यामुळे ऑफिसचा संगणक असेल तर आधी विचारा.

३. मशीन तयार करणं

गेस्टसाठी उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्या, उदाहरणार्थ २४.०४. बहुतेक टूलचेन आणि चिप कंपन्यांच्या सूचना उबुंटू गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात. आयएसओ फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, म्हणजे चेकसम) तपासून पाहा.

मायक्रोकंट्रोलरच्या कामाला ४ जीबी मेमरी पुरते, ८ जीबी दिली तर एडिटर आणि ब्राउझर आतच चालवता येतात. प्रोसेसरचे निम्मे कोर द्या. सगळे दिले तर होस्टलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि दोन्ही मशीन अडखळतात.

डिस्कच्या बाबतीत सुरुवातीलाच हात सैल सोडा. डायनॅमिक प्रकार निवडला की फाइल वापराप्रमाणे वाढत जाते, त्यामुळे ६० जीबीची मर्यादा ठेवली तरी तेवढी जागा लगेच जात नाही. योक्टो किंवा बिल्डरूट वापरून पूर्ण लिनक्स प्रतिमा बनवायची असेल तर गणित बदलतं. विशेषतः योक्टोसाठी १०० जीबीच्या बरंच पुढे जागा धरा आणि मेमरीही शक्य तितकी द्या. डिस्क नंतर वाढवता येते, पण आधी व्हर्च्युअल डिस्क, मग आतलं विभाजन, मग फाइल सिस्टम अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. दुसरं म्हणजे डायनॅमिक फाइल वाढते तशी आपोआप लहान होत नाही. आतल्या फाइल पुसल्या तरी होस्टवरची जागा परत मिळत नाही.

उबुंटू बसल्यावर आधी सगळं अपडेट करा, मग गेस्ट ॲडिशन्स टाका. त्यासाठी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस आणि चालू कर्नलचे हेडर ही पॅकेजं लागतात. गेस्ट ॲडिशन्समुळे पडद्याचा आकार जुळतो आणि गेस्टचं घड्याळ होस्टशी मिळतं राहतं. घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मेक हे साधन कोणती फाइल नवी ते वेळेवरूनच ठरवतं. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' असा इशारा आला तर घड्याळ मागे राहिलेलं असतं. वेळ जुळवा, क्लीन करा आणि पुन्हा बिल्ड करा.

४. कोड कुठे ठेवायचा

नवख्यांना शेअर्ड फोल्डरचा मोह होतो: कोड विंडोजवर, कंपाइलर गेस्टमध्ये, मध्ये एक सामायिक फोल्डर. हा मोह आवरा. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये सिम्बॉलिक लिंक मूळ सेटिंगमध्ये तयार करता येत नाहीत, फाइलींच्या परवानग्या लिनक्सप्रमाणे राहत नाहीत, आणि हजारो लहान फाइल वाचायच्या असल्या की बिल्ड रांगायला लागतं. शिवाय विंडोज लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर भागात केवळ अक्षरांच्या लहान-मोठेपणाने वेगळी नावं असलेल्या फाइली आहेत. अशा फोल्डरात कर्नल उतरवला की त्यांतली एक दुसरीवर लिहिली जाते आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी मोडतं.

कोड गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर, होम फोल्डरात ठेवा, आणि गिटने बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत राहा. शेअर्ड फोल्डर डेटाशीट, पीडीएफ आणि तयार झालेली हेक्स फाइल इकडून तिकडे नेण्यापुरता ठेवा.

होस्टवरचा एडिटर सोडवत नसेल तर एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरण्याची सोय) आहेच. गेस्टमध्ये ओपनएसएसएच-सर्व्हर टाका, व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट सेटिंगमध्ये होस्टचा पोर्ट २२२२ गेस्टच्या २२ कडे वळवा, आणि व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएच सोयीने आत शिरा. एडिटर तुमच्या ओळखीचा, फाइल आणि कंपाइलर मात्र गेस्टमधले. मला ही मांडणी सगळ्यात पसंत आहे. मशीन पडद्याशिवाय चालू ठेवता येते आणि मेमरी वाचते.

५. टूलचेन, आणि बोर्डाआधीची परीक्षा

आर्म कॉर्टेक्स-एम साठी लागणारी पॅकेजं अशी: जीसीसी-आर्म-नन-ईएबीआय, लिबन्यूलिब-आर्म-नन-ईएबीआय, जीडीबी-मल्टिआर्क (डीबगर), ओपनओसीडी (डीबगर आणि बोर्ड यांच्यातला दुवा), सीमेक, निंजा-बिल्ड, गिट आणि सीरियल पोर्ट पाहायला पिकोकॉम. सगळी ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज साधनाने) एकाच कमांडमध्ये येतात. नावातल्या 'नन'कडे लक्ष द्या. हा कंपाइलर ऑपरेटिंग सिस्टम नसलेल्या चिपसाठी आहे. ज्या बोर्डावर लिनक्स चालतं त्याला आर्म-लिनक्स गटातला कंपाइलर लागतो, आणि या दोहोंची अदलाबदल चालत नाही.

ही कमांड टर्मिनलात टाकून मोकळे होऊ नका. सेटअप डॉट एसएच नावाच्या फाइलीत लिहा, ती फाइल चालवा, आणि कोडच्या गिट रिपॉझिटरीतच ठेवा. इथून पुढे मशीनमध्ये जे काही टाकाल ते आधी या फाइलीत जाईल, मग मशीनमध्ये. काम लांबच्या पल्ल्याचं असेल तर कंपाइलर ॲप्टमधून न घेता आर्मच्या संकेतस्थळावरून ठरावीक आवृत्तीची फाइल घ्या, तिचा चेकसम स्क्रिप्टमध्ये लिहा आणि फाइलीची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आता बोर्ड न जोडता टूलचेन तपासू. क्यूएमू-सिस्टम-आर्म पॅकेज टाका. क्यूएमू मायक्रोकंट्रोलरचं सॉफ्टवेअरमध्ये अनुकरण करतो. त्यातला एमपीएस२-एएन३८५ हा कॉर्टेक्स-एम३ बोर्ड सुरुवातीला सोयीचा. सेमीहोस्टिंग (चिपवरच्या प्रोग्रामचा मजकूर संगणकाच्या पडद्यावर आणण्याची सोय) वापरून एक ओळ छापणारा छोटा प्रोग्राम त्या बोर्डाच्या मेमरी नकाशाप्रमाणे लिंक करा आणि क्यूएमूमध्ये सेमीहोस्टिंगचा पर्याय देऊन चालवा. अक्षरं उमटली तर कंपाइलर, लिंकर स्क्रिप्ट आणि स्टार्टअप कोड तिन्ही जागेवर आहेत. मोठ्या 'एस' आणि लहान 'एस' अशा दोन्ही पर्यायांसह चालवलं तर क्यूएमू पहिल्याच सूचनेवर थांबतो आणि पोर्ट १२३४ वर जीडीबीची वाट पाहतो. क्यूएमूतून बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स.

या परीक्षेचा खरा फायदा पुढे कळतो. बोर्ड जोडल्यावर काही बिघडलं तर दोष यूएसबीत आहे की टूलचेनमध्ये, हा गोंधळ राहत नाही.

६. यूएसबी: इथे वेळ द्या

नवखे हात टेकतात ते बहुधा या पायरीवर, म्हणून सावकाश जाऊ. बोर्ड होस्टच्या यूएसबीला लागतो. व्हर्च्युअलबॉक्स तो होस्टच्या हातातून काढून गेस्टच्या हाती देतो. एका वेळी तो एकाकडेच असतो.

आधी मशीन बंद असताना यूएसबीच्या सेटिंगमध्ये ३.० चा म्हणजे एक्सएचसीआय कंट्रोलर निवडा. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून तो मूळ पॅकेजमध्येच आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत असे, म्हणून जुन्या सूचनांत त्याचा उल्लेख सापडतो. होस्ट लिनक्स असेल तर स्वतःचं नाव व्हीबॉक्सयूझर्स गटात घाला आणि लॉग आउट करून परत या. हे राहिलं तर उपकरणांची यादी रिकामीच दिसते.

मग यूएसबी फिल्टर. फिल्टर म्हणजे 'हे उपकरण दिसताच गेस्टला दे' असा कायमचा आदेश. व्हर्च्युअलबॉक्स यादीतून उपकरण निवडलं की उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, आवृत्ती, सीरियल नंबर असं सगळं भरून टाकतो. यातला उत्पादकाचा क्रमांक तेवढा ठेवा, बाकी रकाने रिकामे करा. कारण असं की बरेच बोर्ड बूटलोडरमध्ये गेले की यूएसबीवरून क्षणभर नाहीसे होतात आणि दुसऱ्याच उत्पादन क्रमांकाने परत येतात. एसटीएम३२ डीएफयू (यूएसबीवरून फर्मवेअर भरण्याच्या) मोडमध्ये जातो तेव्हा उत्पादक ०४८३ च राहतो, पण उत्पादन क्रमांक बदलतो. तुमचा फिल्टर जुन्या क्रमांकावर अडून बसला तर नवं रूप होस्टकडेच राहतं, आणि गेस्टमधला फ्लॅश करणारा प्रोग्राम उपकरण सापडत नाही म्हणून थांबतो. ०४८३ हा एसटीचा क्रमांक, १३६६ सेगरचा म्हणजे जे-लिंकचा, ०४०३ एफटीडीआयचा.

उपकरण गेस्टमध्ये आलं का ते एलएसयूएसबी कमांडने पाहा. न आल्यास होस्टवरचा चिप कंपनीचा आयडीई किंवा सीरियल टर्मिनल उघडा राहिलाय का तपासा. त्याने उपकरण धरून ठेवलं असेल तर 'बिझी' असा संदेश येतो.

आलं, तरी वापरता येईलच असं नाही. आता गेस्टमधल्या परवानग्या. सीरियल पोर्ट टीटीवाय-यूएसबी-० किंवा टीटीवाय-एसीएम-० या नावाने दिसतो आणि तो उघडायला तुमचं नाव डायलआउट गटात लागतं. डीबगरसाठी यूडेव्हचे (उपकरण कुणाला वापरता येईल हे ठरवणारे) नियम लागतात. ॲप्टमधून आलेला ओपनओसीडी ते सोबत आणतो. सोर्समधून बनवला असेल तर कॉन्ट्रिब फोल्डरातली नियमांची फाइल हाताने ठेवा, नियम पुन्हा वाचायला लावा आणि बोर्ड काढून पुन्हा लावा. यात एक बारीक मेख आहे. हे नियम पडद्यासमोर लॉगिन केलेल्या माणसाला परवानगी देतात. एसएसएचने आत आलेल्याला ती आपोआप मिळत नाही. तुम्ही वरची एसएसएचची मांडणी घेतली असेल तर स्वतःचं नाव प्लगडेव्ह गटात आहे ना, ते पाहून घ्या. 'सुडो'ने, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने, चालतंय म्हणून तसंच रेटत नेऊ नका. नंतर बिल्ड फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइल तयार होतात आणि नवीच डोकेदुखी सुरू होते.

दोन चोर ओळखून ठेवा. मोडेममॅनेजर ही सेवा नवा सीरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का हे पाहायला त्यावर काहीबाही पाठवते. बोर्ड पहिले काही सेकंद विचित्र वागत असेल तर ती बंद करा. दुसरा चोर उबुंटू २२.०४ मध्ये भेटतो: बीआरएलटीटीवाय ही ब्रेल पडद्यांसाठीची सेवा सीएच३४० चिपला ब्रेल उपकरण समजून पोर्ट बळकावते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) पोर्ट आला आणि लगेच गेला असं दिसतं. ब्रेल पडदा वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

एवढं करूनही यूएसबी तुटत राहिली तर दुसरी वाट आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी पहिलीपेक्षा बरी. बोर्ड होस्टकडेच राहू द्या, ओपनओसीडी होस्टवर चालवा आणि गेस्टमधला जीडीबी नेटवर्कने त्याला जोडा. त्यासाठी मशीनला होस्ट-ओन्ली नेटवर्कचं दुसरं कार्ड द्या. त्यावर होस्टचा पत्ता बहुधा १९२.१६८.५६.१ असतो. ओपनओसीडी मूळ सेटिंगमध्ये फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतो, म्हणून बाइंडटू या आदेशाने त्याला हा पत्ता सांगा. सगळ्या पत्त्यांवर उघडा ठेवू नका, नाहीतर त्या नेटवर्कवरचा कुणीही तुमची चिप पुसू शकेल.

७. पहिला ब्रेकपॉइंट

एका टर्मिनलात ओपनओसीडीला इंटरफेस आणि टार्गेट अशा दोन फाइली देऊन सुरू करा. एसटी-लिंक आणि एसटीएम३२एफ४ असेल तर स्टलिंक डॉट सीएफजी आणि एसटीएम३२एफ४एक्स डॉट सीएफजी. त्याने चिप ओळखली की तो पोर्ट ३३३३ वर जीडीबीची वाट पाहतो. दुसऱ्या टर्मिनलात जीडीबी-मल्टिआर्कला तुमची ईएलएफ फाइल (बिल्डमधून तयार झालेला प्रोग्राम) द्या, टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट लोकलहोस्ट:३३३३ म्हणून जोडा, मॉनिटर रीसेट हॉल्ट, लोड, ब्रेक मेन, कंटिन्यू. प्रोग्राम मेन फंक्शनवर, म्हणजे पहिल्या ब्रेकपॉइंटवर, येऊन थांबला की वातावरण पुरं झालं. होस्टवर ओपनओसीडी असेल तर लोकलहोस्टच्या जागी होस्टचा पत्ता. ईएलएफ गेस्टमध्येच राहते, लोड तिचा मजकूर नेटवर्कवरून पाठवतो.

एक मर्यादा लक्षात असू द्या. मशीनमधून जाणाऱ्या यूएसबीला जास्तीचा उशीर लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. चिपवरचा कोड आपल्या वेगानेच धावतो, पण गेस्टमध्ये सीरियल ओळींवर उमटलेल्या वेळेवरून मिलिसेकंदांचे निष्कर्ष काढू नका. वेगवान लॉजिक ॲनालायझरही होस्टवरच चालवा. मशीनमधून त्याचे नमुने गळू शकतात.

८. स्नॅपशॉट, प्रत आणि बरणीबंद ठेवण

सगळं चाललं की एक स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या. पुढे कर्नल किंवा टूलचेन बदलण्याआधी दुसरा. मागे जाताना सावध राहा: स्नॅपशॉटवर परतलं की संपूर्ण डिस्क परतते, आणि त्यानंतर लिहिलेला, बाहेर न पाठवलेला कोडही जातो. आधी गिट पुश, मग परतणं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअपही नाही. तो मूळ डिस्क फाइलवर उभा असतो, ती बिघडली की तोही गेला. लांबलचक साखळी साठवू नका, जागा खाते.

महिन्यातून एकदा नवी रिकामी मशीन करून त्यात सेटअप डॉट एसएच चालवा आणि बिल्ड होतंय का पाहा. अडलं तर काय नोंदायचं राहिलं ते तिथल्या तिथे कळतं.

कंपनीचा सशुल्क कंपाइलर असेल तर त्याचा परवाना बऱ्याचदा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेला असतो. मशीनची नक्कल करताना नवा पत्ता तयार झाला तर परवाना नाकारला जातो, म्हणून जुना पत्ता ठेवण्याचा पर्याय निवडा. एकच परवाना दोन मशीनवर चालवायला परवानगी आहे का, तेही करारात वाचा.

उत्पादन बाहेर पडलं की मशीन ओव्हीए (अख्खी मशीन एकाच फाइलीत) म्हणून निर्यात करा. त्यात स्नॅपशॉट येत नाहीत, फक्त चालू स्थिती येते, म्हणून आधी योग्य स्थितीवर या. काही वर्षांनी ही मशीन उघडाल तेव्हा तिच्यातल्या प्रणालीचे सुरक्षा अपडेट बंद झालेले असतील, तेव्हा तिचं नेटवर्क कार्ड काढूनच ती चालू करा. निर्यात केलेली प्रत दुसऱ्या संगणकावर आयात करून प्रकाशित आवृत्तीचं बिल्ड करा आणि दोन्ही बायनरींचा एसएचए-२५६ ताडून पाहा. जुळत नसेल तर पहिला संशय बिल्डच्या तारखेवर घ्या. कोडमध्ये तारीख-वेळ भरणारे मॅक्रो असतील तर दर बिल्डला बायनरी बदलते. ते काढा किंवा सोर्स-डेट-इपॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरावीक आकड्यावर बसवा. जीसीसी ७ पासून कंपाइलर तो पाळतो. मग पुन्हा निर्यात करा आणि जुळलेला चेकसम ओव्हीएच्या शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवा.